विषम ताल आणि माउथ ऑर्गनचा दमसास

माउथ ऑर्गनवर लोकगीत वाजवण्याइतकी स्वस्त आणि सुटसुटीत संगीतसाधना दुसरी नसेल. वाद्य खिशात मावतं, ते सुरात लावत बसावं लागत नाही, आणि चाल तोंडपाठ असेल तर एखाद्या संध्याकाळी ती हाताशी येतेही. अर्थात चाल तीनच्या किंवा चारच्या साध्या ठेक्यात चालते तोवरच. गाणं मॅसेडोनियाचं, बल्गेरियाचं नाहीतर तुर्कस्तानचं निघालं, आवर्तन सात, नऊ किंवा अकरा मात्रांचं असलं, की हेच गरीब वाद्य अडून बसतं. शिकणारा म्हणतो, मला मोजायला जमत नाही. शिकवणारा म्हणतो, पायाने ठेका धर. माझ्या मते दोघंही भलत्याच जागी खणतात. सात मोजणं कुणालाही जमतं, सातात श्वास बसवणं जमत नाही. या बाबतीत आजवर जे काही झालं आहे, म्हणजे वाद्याचे निरनिराळे प्रकार, सुरांची बदललेली मांडणी, वादकांच्या युक्त्या, ते सगळं याच एका अडचणीभोवती फिरत आलं आहे.

आधी ताल पाहू. बाल्कन मुलखातले विषम ताल नाचाला बांधलेले आहेत. पाऊल दोनच प्रकारचं: आखूड आणि लांब. आखूड दोन मात्रांचं, लांब तीन मात्रांचं. त्यांची मांडणी बदलली की ताल बदलतो. बल्गेरियाचा राचेनित्सा सातचा, दोन-दोन-तीन असा. मॅसेडोनियाचा लेस्नोतो आणि ग्रीसचा कालामातियानोसही सातचेच, पण तीन-दोन-दोन, म्हणजे लांब पाऊल आधी. पायदुश्को पाचचा, दोन-तीन. दायचोवो नऊचा, दोन-दोन-दोन-तीन, आणि तुर्की कार्शिलामाचा हिशेबही हाच. कोपानित्सा अकराचा, त्यात लांब पाऊल बरोब्बर मध्ये येतं, दोन-दोन-तीन-दोन-दोन. बाहेरच्या जगाला याची ओळख पटायला वेळ लागला. बेला बार्तोकने १९३८ साली या ‘बल्गेरियन लयी’वर व्याख्यान दिलं आणि ‘मिक्रोकॉस्मॉस’च्या शेवटी तिच्यातले सहा नाच पियानोसाठी लिहिले. पुढे रुमानियाच्या कॉन्स्टान्टिन ब्राइलॉयू यांनी अशा सगळ्या तालांसाठी ‘अक्साक’ हे तुर्की नाव अभ्यासकांमध्ये रूढ केलं.

मराठी वाचक इथे लगेच म्हणेल, सातचा म्हणजे आपला रूपक की! हिशेब तोच आहे, तीन-दोन-दोन. ज्याच्या कानावर लहानपणापासून रूपकातले अभंग आणि नाट्यपदं पडली आहेत त्याला लेस्नोतो परका वाटत नाही, आणि हा फायदा लहान नाही. पण तीच सवय थोडी फसवतेही. रूपकात समेवर खाली येते, त्यामुळे ‘ती ती ना’ हलकं राहतं आणि वजन पुढच्या ‘धी ना’च्या जोड्यांवर पडतं. लेस्नोतोत पहिलं लांब पाऊल हेच वजनदार. दुसरा फरक गतीचा. रूपकाच्या मात्रा सावकाश बोटांवर मोजता येतात. राचेनित्सा रंगात आला की एक आवर्तन साधारण सेकंदात संपतं, म्हणजे सेकंदाला सातएक मात्रा. त्या गतीला कुणी सात मोजत नाही. तीनच पावलं मोजतात, त्यातलं शेवटचं लांब. रूपक येणाऱ्याने इथे मात्रा सोडून पावलं धरायला शिकलं पाहिजे.

विषम तालाचं दुसरं घराणं यापेक्षा अगदी वेगळं आहे, आणि दोघांची गल्लत केली की वादकाचं नुकसान होतं. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी लोकगीतं टिपली त्यांत पाचच्या तालातल्या चाली सापडतात. ‘सर्चिंग फॉर लॅम्ब्स’ हे त्यातलं नेहमी दाखल्याला दिलं जाणारं गाणं. पर्सी ग्रेंजर १९०६ साली फोनोग्राफ घेऊन लिंकनशायरमध्ये हिंडले, जोसेफ टेलर नावाच्या वृद्ध गायकाचा आवाज त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर घेतला, आणि त्याच्या गाण्यातले मात्रांचे चढउतार जसेच्या तसे लिहून काढले. १९३७ साली त्यांतल्याच काही चालींवर त्यांनी बँडसाठी ‘लिंकनशायर पोझी’ रचलं तेव्हा बँडवाल्यांची त्रेधा उडाली, कारण मात्रा दर काही आवर्तनांनी बदलत होत्या. इथे नाच नाही. शब्द लांबले, गायक एखाद्या स्वरावर रेंगाळला, म्हणून मात्रा वाढली. बाल्कन नाचाच्या चालीत मात्रा हलवली तर नाचणारा अडखळेल. इंग्लिश गाण्यात ती हलवली नाही तर गाणं मरेल. माउथ ऑर्गनवाल्याने चाल हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की ही नाचाची आहे की गळ्याची. फिनलंडची ‘कालेवाला’ परंपरेतली रूनगीतं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. ओळीत आठ अक्षरं, ताल पाचचा: पहिली सहा अक्षरं अर्ध्या-अर्ध्या मात्रेची आणि शेवटची दोन पूर्ण एकेका मात्रेची. ओळीच्या शेवटी आयती फुरसत मिळते, म्हणून विषम ताल शिकणाऱ्याने राचेनित्साऐवजी इथून सुरुवात करावी असं मी म्हणेन.

आता वाद्य. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की ‘दोस्ती’ (१९६४) मधले राहुल देव बर्मन यांचे तुकडे आठवतात, नाहीतर ‘शोले’ (१९७५) मधली भानू गुप्ता यांनी वाजवलेली ती संथ धून. संथ चालीत या वाद्याचा खरा स्वभाव झाकला जातो. दहा भोकांचा साधा माउथ ऑर्गन घडला तो जर्मन मुलखातल्या गाण्यांसाठी. ट्रॉसिंगन गावात माटियास होनरने १८५७ मध्ये कारखाना काढला. त्यांचा १८९६चा ‘मरीन बँड’ आजही विकला जातो. त्यातल्या सुरांच्या मांडणीला रिश्टर मांडणी म्हणतात. कुठल्याही भोकात फुंकलं की सा, ग, प यांपैकी काहीतरी मिळतं, आणि बाकीचे स्वर श्वास ओढल्यावर. मार्च आणि वॉल्ट्झला ही सोय उत्तम: फुंकेत घरचा कॉर्ड, खालच्या भोकांत ओढीवर पंचमाचा. एका श्वासात ‘घरी’, दुसऱ्यात ‘बाहेर’, आणि पुन्हा घरी.

या सोयीची विषम तालात गैरसोय कशी होते ते पाहायला लोकगीताचीही गरज नाही. पेटी शिकणाऱ्या प्रत्येकाने घोटलेला एक अलंकार घ्या: सारेगमगरेसा, रेगमपमगरे, गमपधपमग. सात-सात स्वरांचे तुकडे आहेत. पांढरी एकच्या, म्हणजे सीच्या वाद्यावर तो चौथ्या भोकापासून वाजवा. सा फुंक, रे ओढ, ग फुंक, म ओढ, मग परत ग फुंक, रे ओढ, सा फुंक. पहिला तुकडा फुंकेवर सुरू झाला आणि फुंकेवरच संपला. दुसरा तुकडा रे वर, म्हणजे ओढीवर सुरू होतो. तिसरा ग वर, पुन्हा फुंक. आठ स्वरांचा तुकडा असता तर दर वेळी सम एकाच श्वासावर आली असती, आणि अंगाला ‘फुंक म्हणजे सम’ ही खूण पटली असती. साताने ती खूण पुसली जाते. दर आवर्तनात सम उलट्या श्वासावर येते. मोजणी चुकत नसतानाही माणूस हरवतो तो यामुळे.

आता यात पावलं घाला. राचेनित्साप्रमाणे दोन-दोन-तीन केलं तर जोर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या स्वरावर येतो: सा, ग आणि परतीचा ग. तिन्ही फुंका. पुढच्या तुकड्यात तिन्ही ओढी. म्हणजे आवर्तनाच्या आत सगळं सरळ, फक्त दोन आवर्तनांमधल्या सांध्यावर उलथापालथ. लेस्नोतोप्रमाणे तीन-दोन-दोन केलं तर जोर पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या स्वरावर: सा फुंक, म ओढ, रे ओढ. लांब पाऊल एका श्वासावर आणि दोन्ही आखूड पावलं उलट श्वासावर. हे ऐकायला किचकट वाटतं, पण तोंडाला गोड लागतं, कारण लांब आणि आखूड यांतला फरक श्वासच सांगतो. संथ लेस्नोतो माउथ ऑर्गनला इतका मानवतो त्याचं एक कारण हे असावं.

अलंकार वर नेला की आणखी एक भानगड उभी राहते. सहाव्या आणि सातव्या भोकात नियम मोडतो: ध ओढ, आणि लगेच नी ही ओढच. चौथा तुकडा, मपधनीधपम, यात सातपैकी पाच ओढी आणि दोनच फुंका येतात. गायकाची आणि बासरीवाल्याची हवा संपते. माउथ ऑर्गनवाल्याची छाती भरते. नवखा वादक ‘दम लागला’ म्हणून आणखी श्वास घेतो आणि मग पुरता गुदमरतो. जाणता वादक दोन फुंकांच्या बरोबरीने नाकावाटे थोडी हवा सोडून देतो. चारच्या तालात त्यासाठी कुठेतरी रिकामी मात्रा सापडते. बल्गेरियन नाचाच्या चालीत ती नसते, कारण त्या चाली बहुतेक गायदा या मशकवाद्यावर वाढलेल्या आहेत, आणि मशक थांबत नाही. अकॉर्डियनने ही अडचण सहज ओलांडली. बोरिस कार्लोव्हसारख्या बल्गेरियन वादकाने गेल्या शतकाच्या मध्याला अकॉर्डियनवर या तालांची बहार उडवून दिली, कारण पियानोपट्ट्यांच्या अकॉर्डियनवर भाता दाबा की ओढा, त्या पट्टीचा स्वर तोच राहतो. माउथ ऑर्गन त्याचाच भाऊबंद, आणि त्याला नेमकी एवढीच सवलत नाकारलेली आहे.

मग वादकांनी वाटा काढल्या. सर्वांत साधी वाट म्हणजे एकच स्वर दोन्ही श्वासांत मिळवणं. साध्या वाद्यात दुसऱ्या भोकाची ओढ आणि तिसऱ्या भोकाची फुंक दोन्ही मंद्र पंचमच देतात, म्हणून तिथे निवड करता येते. क्रोमॅटिक माउथ ऑर्गनवर बाजूचं बटण दाबलं की प्रत्येक स्वर अर्ध्याने चढतो. त्यामुळे म एरवी ओढीवर असला तरी ग फुंकून बटण दाबल्यावर तोच मिळतो, आणि वरचा सा ओढीवर हवा असेल तर नी ओढून बटण दाबायचं. समेचा स्वर कुठल्या श्वासावर यावा हे इथे थोडंफार आपल्या हातात येतं. अनेक जण क्रोमॅटिककडे सगळे बारा स्वर मिळतात म्हणून वळतात. विषम तालासाठी मला ही श्वासाची मुभाच जास्त मोलाची वाटते.

न्यूझीलंडचा ब्रेंडन पॉवर याने दुसरी वाट धरली: वाद्यातल्या पत्त्याच (रीड) बदलायच्या. त्याच्या ‘पॅडी रिश्टर’ मांडणीत तिसऱ्या भोकाच्या फुंकेवरचा पंचम एका पूर्ण स्वराने चढवून धैवत केलेला असतो. साध्या वाद्यात तिथे मंद्र धैवत सरळ मिळतच नाही, ओढ वाकवून काढावा लागतो. आयरिश चालींसाठी हा बदल अगदी चपखल बसतो. पण हिशेब मांडला तर दिसतं की धैवत मिळाला आणि फुंकेवरचा पंचम गेला, म्हणजे श्वासाची एक निवड हातची सोडली. धावत्या आयरिश चालीत हा सौदा परवडतो. सात आणि अकराच्या चालीत तो प्रत्येक गाण्यागणिक तपासावा लागेल.

तिसरी वाट शिकागोच्या हॉवर्ड लेव्हीची. १९७०च्या सुमारास त्याने दहा भोकांच्या साध्या वाद्यावर ‘ओव्हरब्लो’ घोटून काढला. जीभ आणि घसा अशा बेताने ठेवून फुंकायचं की फुंकेची पत्ती गप्प बसते आणि ओढीची पत्ती चढ्या सुरात बोलते. त्यामुळे वाद्यात नसलेले स्वर मिळाले. मधल्या सप्तकातला कोमल नी तर चक्क फुंकेवर मिळाला. बेला फ्लेकबरोबर त्याने रचलेल्या ‘लाइफ इन इलेव्हन’ या रचनेला २०१२च्या सोहळ्यात ग्रॅमी मिळालं, आणि नावाप्रमाणे ती अकराच्या तालात आहे. दहा भोकांचा माउथ ऑर्गन अकरात धावू शकतो का, हा प्रश्न तिथे निकालात निघाला. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की ही नवी रचना आहे, वादकाने आपल्या वाद्याचं भलंबुरं जाणून बांधलेली. लोकगीताची चाल आधीच ठरलेली असते आणि ती माउथ ऑर्गनचा विचार करून कुणी बांधलेली नसते.

म्हणून एक ठरलेली चाल हातात घेऊन पाहू. ‘योवानो योवान्के’ हे मॅसेडोनियाचं सर्वांना ठाऊक असलेलं गाणं, लेस्नोतो तालात, हिजाज वळणाचं. हिजाजचे स्वर आपल्या कानाला वसंत मुखारीसारखे लागतात: पूर्वांग भैरवाचं, उत्तरांग भैरवीचं. सीच्या साध्या वाद्यावर ते कुठे बसतात हे शोधलं तर उत्तर सुखद आहे. पांढरी तीनला, म्हणजे ई ला, षड्ज माना. पाचव्या भोकाची फुंक षड्ज, त्याच भोकाची ओढ कोमल रे. शुद्ध ग साठी सहाव्या भोकाची ओढ वाकवून अर्ध्या स्वराने खाली न्यायची. तीच न वाकवता ओढली की मध्यम. पंचम सातव्या भोकाच्या ओढीवर, कोमल ध सातव्याच्या फुंकेवर, कोमल नी आठव्याच्या ओढीवर. सगळ्या सप्तकात वाकवायचा स्वर एकच, तोही सहाव्या भोकाचा, जिथे ओढ अर्ध्या स्वरापलीकडे वाकतच नाही. त्यामुळे बेसूर व्हायला फारसा वाव उरत नाही. हेच खालच्या सप्तकात करायला जाल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकात रे, ग, म असे लागोपाठ तीन स्वर वाकवून काढावे लागतील. त्या वाटेला जाऊ नये.

पण इथे ताल पुन्हा आडवा येतो. वाकवलेल्या स्वराला उमटायला क्षणभर लागतो. तो आखूड पावलाच्या दुसऱ्या मात्रेवर आला तर धड उमटण्याआधीच निघून जातो आणि ऐकणाऱ्याला हिजाजच्या ग ऐवजी नुसता मध्यम ऐकू येतो. लांब पावलावर आला तर तीन मात्रांची जागा मिळते आणि तोच स्वर गाण्याचा जीव होऊन बसतो. म्हणून असं गाणं बसवताना ग कुठल्या पावलात येतो ते आधी पाहावं आणि गती त्यावरून ठरवावी. बाजारात हार्मोनिक मायनर मांडणीचे माउथ ऑर्गन मिळतात, त्यांत हिजाजचं कोमल रे ते शुद्ध ग हे अंतर पत्त्यांतच लावलेलं असतं. गती चढवायची असेल तर ते घ्यावेत. संथ वाजवणाऱ्याने साध्यावरच राहावं असं मला वाटतं. वाकवलेल्या ओढीत जो गळ्याचा भास आहे तो तयार पत्तीत नाही. तुर्की झेबेक नाच नऊचाच, पण अतिशय संथ, आणि तिथल्या दोन स्वरांमधल्या बारीक जागाही वाकवलेल्या ओढीने काढता येतात. कार्शिलामाच्या आधी झेबेक वाजवून पाहणं म्हणूनच शहाणपणाचं.

बोलांबद्दलही थोडं. ‘तक, तकिट’ असे बोल जिभेने वाद्यात म्हणत वाजवलं की पावलं स्पष्ट होतात. त आणि क हे दोन्ही फुंकेत आणि ओढीत सारखेच चालतात. रूपकाचे बोल मात्र इथे उपयोगाचे नाहीत. ‘ना’ म्हणताच हवा नाकातून निसटते आणि पत्ती मुकी होते.

आयर्लंडच्या अँडी अर्व्हाइनने काढलेली तोड आणखी निराळी. १९६८ साली तो बाल्कन देशांत भटकायला गेला, परतला तो तिथल्या लयी घेऊन, आणि पुढे ‘प्लँक्स्टी’ या मंडळींच्या ‘आफ्टर द ब्रेक’ (१९७९) या अल्बममध्ये ‘स्मेचेनो होरो’सारखी बल्गेरियन चाल आयरिश वाद्यांवर आली. गाताना तो गळ्यातल्या चौकटीत माउथ ऑर्गन अडकवतो आणि हातात बुझुकी नाहीतर मँडोलिन असते. या मांडणीत तालाचं ओझं हातांवर येतं आणि माउथ ऑर्गनला सोयीच्या जागी बोलता येतं, सोयीच्या जागी गप्प राहता येतं. फिनलंडच्या ‘स्व्हेंग’ या चौकडीने तेच ओझं चार तोंडांत वाटून घेतलं. २००३ पासून हे चौघे फक्त माउथ ऑर्गनचेच प्रकार वाजवतात: साधा, क्रोमॅटिक, कॉर्ड देणारा हार्मोनेटा आणि बास. बासवाला पावलं टाकतो, कॉर्डवाला लांब-आखूड सांगतो, आणि चाल वाजवणारा मोजणीतून मोकळा होतो. माझ्या मते विषम तालासाठी माउथ ऑर्गनची सर्वांत पटणारी योजना हीच.

एकट्याने, साध्या वाद्यावर, नाचाच्या गतीला वाजवायचं असेल तर सगळे स्वर वाजवण्याचा हट्ट सोडावा लागतो. खालच्या पट्टीच्या वाद्यातल्या जड पत्त्या बोलायला वेळ घेतात, म्हणून पट्टी चढी घ्यावी, आणि स्वर गाळावेत. कुठले गाळायचे हे पावलांनी ठरवावं: लांब पावलाचे तिन्ही ठेवायचे, आखूड पावलाचा दुसरा सोडून पहिलाच लांबवायचा. आपल्या अलंकारावर करून पाहा. सारेगमगरेसा चं सारेग म– रे– होतं, आणि दोन्ही आखूड पावलं एकाच ओढीत जातात. मध्ये श्वास उलटावा लागत नाही. पुढच्या तुकड्यात रेगम प– ग–, तिथे दोन्ही एकाच फुंकेत. सात स्वरांचे पाच उरतात, पण लांब-आखूडची मांडणी तशीच राहते, आणि नाचणाऱ्याचं पाऊल चुकत नाही.